मातीकाम छंद म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गाची चौकशी करणारे, वर्ग करून गेलेले आणि मध्येच सोडून आता पुन्हा यावं की काय या विचारात असलेले, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचे प्रश्न चाकाबद्दल असतात आणि आमची उत्तरं फिरून फिरून भट्टीकडे जातात. त्याला इलाज नाही. वस्तू कुठे आणि किती तापमानाला भाजली जाणार हे आधी ठरलं, की कुठली माती घ्यायची, केवढी जाडी ठेवायची, वर काय लावायचं हे सगळं त्यातून आपोआप ठरतं. उलट्या बाजूनं सुरुवात केली, की महिनाभराची मेहनत कपाटात कच्चीच पडून राहते.

## सुरुवात

१. मला चित्र काढता येत नाही. मातीकाम जमेल का?

जमेल. चित्रकला सजावटीच्या वेळी उपयोगी पडते, आणि सजावट केलीच पाहिजे असं नाही. इथे लागतो तो अंदाज: बोटांमधली भिंत किती जाड राहिली आहे, माती आता वाकेल की तुटेल, बूड सुकलंय की नुसतं सुकल्यासारखं दिसतंय. हा अंदाज सवयीनं येतो. अडचण होते ती घाई असलेल्यांची. साधी वाटी घडवली, सुकवली, भाजली, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावून पुन्हा भाजली, की दोन-तीन आठवडे सहज जातात आणि त्यातला तुमच्या हातकामाचा वेळ तासा-दोन तासांचा असतो. बाकी नुसतं थांबणं.

२. सुरुवात चाकावर करू की हातानं?

हातानं. चाक आकर्षक दिसतं हे मान्य, पण पहिल्या काही दिवसांत ते माती शिकवत नाही, फक्त तोल शिकवतं. गोळ्यात अंगठा घालून चिमटीनं भिंत वर घेणं म्हणजे पिंच, वळ्या करून एकावर एक रचणं म्हणजे कॉइल आणि पोळी लाटून तिचे तुकडे जोडणं म्हणजे स्लॅब. या तीन पद्धतींनी जवळजवळ काहीही घडवता येतं, घरच्या टेबलावर, चाकाशिवाय.

हातकाम म्हणजे चाक न येणाऱ्यांची सोय, असा एक गैरसमज आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तिथली नक्षीची, जोर्वे नावाच्या प्रकारची भांडी चाकावरची आहेत, पण धान्य साठवायचे मोठे रांजण हातानं घडवलेले आहेत. ज्यांना चाक उत्तम येत होतं, त्यांनीही मोठ्या कामाला हातच वापरला.

३. एका दिवसाच्या कार्यशाळेत काय शिकून होतं?

मातीला हात लावायला आवडतो की नाही, एवढं नक्की कळतं. त्या दिवशी चाकावर झालेली वाटी बरीचशी शिकवणाऱ्याची असते. तुमच्या हातावर त्यांचा हात असतो. मजा म्हणून जरूर जा.

महिन्याभराचा वर्ग लावणार असाल तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. माती कुठली, भट्टी त्यांची स्वतःची आहे का आणि किती तापमानाला जाते, भाजण्याचे आणि ग्लेझचे पैसे फीमध्ये धरले आहेत का, आणि वर्गाच्या वेळेखेरीज सरावाला जागा मिळते का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर चाक शिकायला तो वर्ग फारसा कामाचा नाही.

४. पाठदुखी आहे. नखं वाढवलेली आहेत. वय साठच्या पुढे आहे. चालेल का?

वयाची अडचण नाही. पाठीची आहे, कारण चाकावर माणूस नकळत कमरेत वाकून बसतो. बैठक चाकाच्या पातळीइतकी किंवा किंचित उंच ठेवा, कोपर मांडीला टेकवा, आणि अर्ध्या तासानं उठा. उंच टेबलाशी उभं राहून हातकाम केलं तर पाठीला त्रास जवळजवळ होत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी जमिनीवर बसून काम करण्याचा हट्ट धरू नये. नखं मात्र कापावीच लागतील, निदान अंगठ्यांची. अंगठ्या आणि बांगड्या घरी ठेवा.

## माती

५. कुठली माती घेऊ? शेतातली, शाडू, की ऑनलाइन मिळणारी एअर ड्राय क्ले?

तुमच्या जवळच्या भट्टीला चालेल ती. यापेक्षा खरं उत्तर नाही, पण थोडा तपशील देतो.

टेराकोटाची लाल माती साधारण ९०० ते १०५० अंश सेल्सिअसला भाजतात. ती स्वस्त, हाताला मऊ, आणि भाजल्यावरही सच्छिद्र राहते. स्टोनवेअर ही जास्त तापमानाची माती; ते १२०० ते १३०० अंशांना जातं आणि नीट भाजलं तर पाणी जवळपास पीत नाही. कप-बश्या, ताटल्या करायच्या असतील तर हे घ्या. पोर्सेलीनच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये. ती माती सुंदर आहे आणि नवशिक्याला अजिबात दाद देत नाही.

टेराकोटा आणि स्टोनवेअर या दोन मातींची सरमिसळ हा सगळ्यात महागात पडणारा घोळ. टेराकोटा चुकून स्टोनवेअरच्या भट्टीत गेली तर ती फुगते, खाली बसते, प्रसंगी वितळून भट्टीतल्या फळीला चिकटते, आणि फळी दुसऱ्याची असते. उलट स्टोनवेअर कमी तापमानाला भाजलं तर भांडं दिसतं ठीक, पण ठिसूळ आणि पाणी झिरपणारं राहतं. म्हणून पिशवीवर मातीचं नाव आणि तापमान लिहून ठेवा. घरात दोन प्रकारच्या माती असतील तर हत्यारांच्या बादल्याही वेगळ्या ठेवा.

शाडू गणपतीसाठी, म्हणजे घडवून नुसती वाळवण्यासाठी आणि नंतर पाण्यात विरघळण्यासाठी वापरतात. हात बसवायला ती उत्तम आहे, पण भट्टीवाल्याला न विचारता भाजायला देऊ नका. एअर ड्राय क्लेच्या वस्तू शोभेच्या. त्यांना पाणी, अन्न, भट्टी काहीच चालत नाही.

शेतातली माती वापरता येते आणि ती तयार करण्यात वेगळा आनंद आहे. भिजवा, पातळ करून कापडातून गाळा, खडे आणि मुळं काढा, निवळल्यावर वरचं पाणी ओता आणि उरलेला गाळ सुकवा. आपल्याकडची काळी माती फार चिकट आणि फार आकसणारी. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात त्याच तुमच्या वाटीला पडतील. कुंभार म्हणूनच मातीत राख आणि घोड्याची लीद घालत आले. तुम्ही बारीक वाळू घालून बघा, आणि आधी दोन-चार चाचणीच्या पट्ट्या भाजून घ्या. चुन्याचे बारीक पांढरे खडे दिसले तर ती माती सोडून द्या. भाजलेला चुना हवेतली ओल शोषून फुगतो आणि काही दिवसांनी भांड्याचा टवका उडवतो.

६. मळताना हवेचा बुडबुडा राहिला तर भांडं भट्टीत फुटतं, हे खरं का?

जवळजवळ प्रत्येक वर्गात हे सांगतात, आणि ते अर्धंच खरं आहे. भांडं फोडते ती वाफ. मातीत ओल शिल्लक असताना भट्टी १०० अंशांपलीकडे झपाट्यानं गेली, की पाण्याची वाफ होते. तिला मूळच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते आणि बाहेर पडायला वाट नसते. बुडबुडा असलेलं पण पूर्ण सुकलेलं भांडं सहसा शाबूत बाहेर येतं. बुडबुडा नसलेलं पण आत दमट, जाड बुडाचं भांडं फुटतं.

मळायचं तरीही नीट. चाकावर बुडबुडा बोटाखाली आला की भिंत उडी मारते, आणि स्टोनवेअरच्या तापमानाला तो कधी कधी फोडासारखा वर येतो. मळून झालेली माती पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट, सगळीकडे सारखी आणि तारेनं कापल्यावर आत गुळगुळीत दिसली पाहिजे. मध्ये भोकं दिसली तर पुन्हा मळा.

७. उरलेली, बिघडलेली माती टाकून द्यायची का?

भाजलेली नसेल तर कधीच नाही. आधी ती पूर्ण वाळू द्या. हे उलटं वाटतं, पण अर्धवट ओली माती पाण्यात गोळाच राहते, तर खडखडीत वाळलेली काही मिनिटांत विरघळू लागते. बादलीत बुडवून दोन दिवस ठेवा, वरचं पाणी काढा, आणि तो चिखल जुन्या सुती चादरीवर किंवा कोऱ्या विटांवर पसरा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लादीवर तो लवकर सुकतो. फक्त लादीचा कण मातीत जाऊ देऊ नका. प्रश्न ५ मधल्या चुन्याच्या खड्यासारखाच तो टवके उडवतो.

हात आणि हत्यारं बादलीत धुवा, बेसिनमध्ये नाही. मातीनं तुंबलेला पाइप प्लंबरलाही सहजासहजी मोकळा करता येत नाही, आणि सोसायटीत खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध बिघडतात ते वेगळंच.

## चाक

८. सेंटरिंग, म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणं, जमतच नाही. काय चुकतंय?

बहुधा हात हवेत आहेत. कोपर मांडीत किंवा कमरेशी घट्ट रोवा. माती ढकलायची ती शरीराच्या वजनानं, मनगटाच्या जोरानं नाही. मग बाकीचं तपासा: माती फार घट्ट आहे का, गोळा फार मोठा आहे का (अर्धा किलो पुरे), चाक फार हळू फिरतंय का. सेंटरिंगला वेग जास्त, भिंत वर घेताना मध्यम आणि शेवटी आकार देताना कमी, असा उतरता क्रम ठेवायचा. नवशिके नेमकं उलटं करतात. हात काढताना झटक्यानं काढू नका. तेवढ्यानंही गोळा मध्यावरून ढळतो.

पाणी जपून. दर वेळी पाणी ओतत राहिलं, की माती दमते आणि भिंत बसते. त्या गोळ्यावर आणखी कष्ट घेऊ नका, बाजूला ठेवून नवा घ्या. आणि झालेल्या पहिल्या काही वाट्या तारेनं उभ्या कापून आतून बघा. बूड केवढं जाड राहिलंय ते पाहून बहुतेकांना धक्का बसतो.

९. मी डावखुरी आहे. चाक उलटं फिरवावं लागेल का?

बहुतेक विजेच्या चाकांना दिशा बदलायचं बटण असतं. जपानमध्ये चाक सामान्यतः घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवतात, युरोपात उलट. म्हणजे यात नैसर्गिक असं काही नाही. दोन्ही दिशांनी एकेक तास बसून बघा आणि मग एकच धरा. दोन्ही हात सारखेच राबत असल्यानं बरेच डावखुरे नेहमीच्या दिशेलाच रुळतात. शिक्षक समोर बसून दाखवत असतील तर आरशासारखं बघता येतं, हा उलट फायदाच.

१०. फ्लॅटमध्ये चाक आणि भट्टी ठेवता येईल का?

चाक येतं. साध्या प्लगवर चालतं, आवाज फार करत नाही, फक्त चिखल उडेल अशी जागा हवी, गॅलरी उत्तम. भट्टीचं गणित वेगळं. ३ किलोवॉटची छोटी विजेची भट्टी सुमारे १३ अँपिअर घेते, म्हणजे तिला १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते. ती आठ तास पूर्ण भारावर चालली असं धरलं तर २४ युनिट. प्रत्यक्षात ती मध्ये मध्ये बंद-चालू होते, त्यामुळे थोडे कमी. मोठ्या भट्टीला थ्री फेज लागतं. भिंतीपासून अंतर, हवा खेळती, जवळ पडदे नाहीत, आणि चालू असताना घरात कुणीतरी जागं, एवढं सांभाळावं लागतं. इलेक्ट्रिशियनला लोड तपासू दिल्याशिवाय भट्टीची ऑर्डर देऊ नका.

आमचा सल्ला विचारलात तर खरेदीचा क्रम असा: आधी मजबूत टेबल आणि चार हत्यारं, मग दुसऱ्याच्या भट्टीत भाड्यानं जागा, मग चाक, आणि भट्टी सगळ्यात शेवटी. चाक घेऊन भट्टीच्या शोधात फिरणारे पुष्कळ भेटतात. त्यांची चाकं नंतर विकायला निघतात.

## वाळवण

११. माझ्या भांड्यांना तडे जातात. का?

तडा दिसतो भट्टीनंतर, पण पडलेला असतो बराच आधी. तो कुठे आहे यावरून कारण सांगता येतं.

काठावरून खाली उतरलेला तडा म्हणजे काठ बुडापेक्षा फार आधी सुकला. काठ पातळ असतो, वारा त्याला आधी लागतो. काठावर प्लास्टिकची पट्टी टाका, आणि भांडं उचलता येण्याइतकं घट्ट झालं की पालथं घाला, म्हणजे बुडाला हवा लागेल.

बुडाच्या मधोमध इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला तडा चाकावरच्या कामात येतो. भोक पाडल्यावर बूड बोटांनी किंवा लाकडी पट्टीनं दाबून घट्ट केलं नाही, किंवा आत पाण्याचं थारोळं राहिलं, की हा पडतो. बूड दाबा आणि पाणी स्पंजनं टिपा.

कानाच्या सांध्याशी तडा म्हणजे कप आणि कान यांची ओल वेगळी होती. कप लेदर हार्ड झाल्यावर, म्हणजे बोट दाबलं तर ठसा उमटेल पण आकार हलणार नाही अशा अवस्थेत, दोन्ही जागी ओरखडे काढा, पातळ केलेली तीच माती लावा, दाबून जोडा आणि पूर्ण कप रात्रभर प्लास्टिकखाली ठेवा. हे रात्रभर झाकणंच लोक टाळतात. ओल दोन्हीकडे सारखी व्हायला तेवढा वेळ लागतोच.

स्लॅबच्या ताटल्या वाकतात, त्याचं कारण लाटताना आणि उचलताना आहे. पोळी कोपऱ्याला धरून उचलली तर नंतर सपाट केली तरी माती ते वळण विसरत नाही, भट्टीत पुन्हा वाकते. फळीवरून फळीवर उलटी करा. दोन्ही बाजूंनी लाटा.

वाळलेल्या भांड्याचा तडा ओल्या मातीनं बुजवू नका. ओली माती आकसणार, कोरडी नाही, आणि तडा परत तिथेच. भाजण्याआधीचं असेल तर बादलीत टाका (प्रश्न ७).

१२. पावसाळ्यात काही सुकतच नाही. उन्हात ठेवू का?

उन्हात नाही, आणि पंख्याखाली तर मुळीच नाही; दोन्हींत एकच बाजू सुकते. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये भांडं वरून कोरडं दिसतं आणि आत दमट राहतं. गालाला लावून बघा: गार लागलं तर ओल आहे. शेवटचा दमटपणा भट्टीतच काढायचा. ८० ते ९० अंशांवर काही तास भट्टी रोखून ठेवायची आणि मगच वर न्यायची. भट्टी दुसऱ्याची असेल तर ‘हे अजून दमट असू शकेल’ असं स्पष्ट सांगा.

विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात दुखणं उलटं. तिथे भांडं दुपारभरात सुकून तडकतं. ओलं फडकं टाकलेल्या खोक्यात किंवा झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. जुना बंद पडलेला फ्रिज या कामाला फार सोयीचा.

१३. एवढा मोठा कप केला होता, भट्टीतून एवढासा कसा आला?

ओल्या मातीपासून पूर्ण भाजणीपर्यंत स्टोनवेअर साधारण १० ते १२ टक्के आकसतं. हा आकडा लांबीचा. १० टक्के आकसलं तर उंची, रुंदी आणि खोली तिन्ही घटतात आणि मावणारा चहा २७ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून हवा त्यापेक्षा मोठा करा. झाकण आणि भांडं एकाच दिवशी, एकाच मातीचं करा आणि झाकण घालूनच सुकवा, नाही तर ते बसणार नाही.

## भट्टी

१४. घरच्या ओव्हनमध्ये किंवा गॅसवर भाजता येईल का?

नाही. ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो. मातीच्या रचनेत बांधलं गेलेलं पाणी निघून जायला साधारण ३५० ते ६०० अंश लागतात, आणि ते गेल्याशिवाय माती ‘भाजली’ असं म्हणता येत नाही. ओव्हनमधून काढलेली वाटी पाण्यात ठेवा. पुन्हा चिखल होईल. गॅसची ज्योत गरम असते, पण एकाच जागी. भांडं तडकेल आणि तुकडे उडतील.

१५. दोनदा का भाजायचं?

पहिल्या भाजणीला बिस्क म्हणतात. ती साधारण १००० अंशांना होते. भांडं टणक होतं पण पाणी शोषतं, त्यामुळे पातळ ग्लेझ त्यावर सारखा चढतो. दुसरी भाजणी ग्लेझची; तिचं तापमान माती आणि ग्लेझ दोघांनाही जुळणारं असावं लागतं. डब्यावर ‘कोन’, म्हणजे भाजणीचा टप्पा, लिहिलेला असतो: कोन ०६ म्हणजे १००० अंशांच्या आसपास, कोन ६ म्हणजे १२२० च्या. आधीचं शून्य वाचायला विसरू नका. दोन्हींत दोनशेहून जास्त अंशांचा फरक आहे.

सुमारे ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. थंड होताना त्याच टप्प्यावर आकसतो. म्हणून तिथून भट्टी सावकाश नेतात आणि गरम असताना झाकण उघडत नाहीत. ‘थोडंसं बघू’ म्हणून १५० अंशांना उघडणाऱ्यांचा मोह समजतो, पण बघू नका. हात घालता येईल इतकी निवली की उघडा.

१६. माझ्या गावात स्टुडिओ नाही. कुंभाराच्या आव्यात भाजून मिळेल का?

टेराकोटा असेल तर हो, आणि हा सगळ्यात दुर्लक्षिलेला मार्ग आहे. गोवऱ्या, लाकूड, भुसा, पालापाचोळा लावून पेटवलेला आवा साधारण ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान जातो. वस्तू पूर्ण वाळलेल्या आणि सारख्या जाडीच्या हव्यात, कारण आवा लवकर तापतो आणि तो मध्ये थांबवता येत नाही. शक्य तर माती त्यांच्याकडूनच घ्या. त्यांच्या आगीला जुळणारं मिश्रण त्यांना माहीत असतं. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या आधीच्या महिन्यात जाऊ नका, त्यांच्या कमाईचे दिवस असतात ते. ठरेल ते भाडं आधी द्या, आणि काही फुटलं तर हुज्जत घालू नका. स्टोनवेअर आव्यात चालत नाही, कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

१७. लाल व्हायला हवं होतं, अर्धं काळं झालं. बिघडलं का?

नाही. मातीतलं लोह भरपूर हवा मिळाली की लाल होतं आणि धूर कोंडला की काळं. आव्यात जे भांडं राखेत दडलं त्यावर डाग येतो. काळी भांडी करणारे कारागीर शेवटी हवा बंद करून हेच मुद्दाम करतात. नको असेल तर पुन्हा मोकळ्या हवेत भाजून डाग जातो. आम्ही ठेवला असता.

१८. ग्लेझ वितळून भांडं फळीला चिकटलं. चूक कुणाची?

ग्लेझ लावणाऱ्याची, आणि भट्टीच्या भाड्यात फळीची किंमत धरलेली नसते. बुडापासून तीन ते पाच मिलिमीटर जागा कोरी ठेवा. मेण लावून ठेवलं तर तिथे ग्लेझ धरत नाही. नवा, वाहणारा किंवा दोन थरांचा ग्लेझ असेल तर अर्धा सेंटीमीटरही कमी पडतो. खाली मातीची चकती ठेवायला सांगा. दुसऱ्याचं दमट भांडं फुटून त्याचे तुकडे तुमच्या भांड्याला चिकटले, तर ते कुणीच भरून देत नाही. सामायिक भट्टीत हे धरूनच चालायचं.

## वापर

१९. मी केलेल्या कपातून चहा पिणं सुरक्षित आहे का?

तीन गोष्टी एकत्र जुळल्या तर: खाद्यवापरासाठी बनवलेला, शिसं आणि कॅडमियम नसलेला ग्लेझ, त्याच्या ठरलेल्या तापमानाला झालेली भाजणी, आणि गुळगुळीत, बारीक जाळी न पडलेला पृष्ठभाग. डब्यावर ‘फूड सेफ’ लिहिलं आहे एवढ्यानं भागत नाही, कारण कमी भाजलेला तोच ग्लेझ आतले घटक सोडू शकतो.

घरगुती परीक्षा म्हणून लिंबाची फोड रात्रभर ग्लेझवर ठेवा. सकाळी रंग फिका पडला किंवा चकाकी गेली तर ते भांडं खाण्यासाठी वापरायचं नाही. मात्र डाग पडला नाही म्हणजे सुरक्षित, असा उलटा निष्कर्ष काढू नका. नक्की उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं. हिरव्या रंगासाठी वापरलेलं तांबं आंबट पदार्थात उतरू शकतं. चिंच, लोणचं, ताक, सोलकढी यांच्यासाठी आतून साधा पांढरा किंवा पारदर्शक ग्लेझ लावा आणि रंगांची हौस बाहेरून भागवा.

ॲक्रेलिकनं रंगवून वर वार्निश मारलेला टेराकोटाचा कप दिसायला कितीही छान असला तरी पेन ठेवायला वापरा.

२०. माझा कप मायक्रोवेव्हमध्ये तापतो. आणि गॅसवर मातीची हंडी चालते, तर माझी स्टोनवेअरची का नाही?

कप तापतो म्हणजे भिंतीत पाणी मुरलं आहे. पुरेसा भाजला गेलेला नाही किंवा बुडातून पाणी पितो आहे. सोनेरी नक्षी असेल तर मायक्रोवेव्ह बंदच.

हंडीचं कारण रंजक आहे. स्वयंपाकाची पारंपरिक भांडी कमी तापमानाला भाजलेली, सच्छिद्र, मातीत वाळू किंवा राख असलेली आणि गोल बुडाची असतात. असमान उष्णतेनं आलेला ताण त्या मोकळ्या रचनेत जिरतो. स्टोनवेअर घट्ट आणि काचेसारखं झालेलं असतं, बूड सपाट असतं. ज्योत लागली की खालचा भाग प्रसरतो, वरचा नाही, आणि भांडं फाटतं. ओव्हनमध्ये थंड असल्यापासून हळूहळू तापवलं तर ते सहसा टिकतं.

२१. हौसेनं माठ केला, आतून-बाहेरून छान ग्लेझ लावला. पाणी गार का होत नाही?

ग्लेझनंच घात केला. माठातलं पाणी भिंतीतून झिरपून बाहेर येतं, त्याचं बाष्प होताना उष्णता आतल्या पाण्याची घेतं, म्हणून पाणी गार होतं. ग्लेझ म्हणजे काच. झिरपणं थांबलं की गारवा संपला. माठ कोराच ठेवा, स्टोनवेअरचा करू नका. हाच माठ नागपूरला मे महिन्यात जेवढा गारवा देतो तेवढा रत्नागिरीत देणार नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं.

२२. मातीच्या धुळीनं काही होतं का? लहान मुलांना आणू का? गरोदरपणात चालेल का?

ओल्या मातीनं नाही. सुकलेल्या मातीची बारीक धूळ मात्र सिलिकाची असते आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. छंदापुरता धोका कमी, पण नियम तेच: झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, सुकं भांडं घासायचं असेल तर ओल्या स्पंजनं, कोरडा ग्लेझ मिसळताना एन-९५ मास्क, ॲप्रन घरातल्या कपड्यांत न मिसळता धुवा. मुलं पाच-सहा वर्षांची झाली की हातकामाला बिनधास्त आणा, ग्लेझच्या बादल्यांपासून लांब ठेवा. गरोदर असाल तर ओल्या मातीचं हातकाम ठीक, ग्लेझची भुकटी आणि चालू भट्टीची खोली टाळा. तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

## पुढे

२३. कुंभाराकडे शिकायला जावं का? आणि पाहायला कुठे जाऊ?

जावं, पण ते वेगळं शिक्षण आहे हे लक्षात घेऊन. स्टुडिओत भिंत चाकावरच पूर्ण वर घेतात. माठ करणारा कुंभार जाड भिंतीचा आकार चाकावरून उतरवतो, आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत तो फुगवतो आणि पातळ करतो. कोण पक्कं आणि कोण कच्चं हे पाहायला संत गोरोबांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं फिरवलं, ती कथा तुम्ही ऐकली असेलच. ते हत्यार हे. गोरोबांचं गाव तेर, धाराशिव जिल्ह्यात. तिथल्या वस्तुसंग्रहालयात जुनी भाजक्या मातीची कामं पाहायला मिळतात.

मुंबईत धारावीचा कुंभारवाडा चालता-बोलता वर्ग आहे. तिथली बरीच कुटुंबं मूळची सौराष्ट्रातली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ मातीकामासाठी ओळखला जातो. गोव्यात डिचोलीकडे बघा. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे आणि इनामगावची भांडी आहेत. त्यातली लांब तोटीची भांडी पाहून कुणीही चहाची किटली घडवायला बसेल. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर पाँडिचेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी, १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केलेलं. आज देशात स्टोनवेअर करणाऱ्या अनेकांचं शिक्षण कुठे ना कुठे तिथे जाऊन पोचतं.

जयपूरची ब्लू पॉटरी शिकायची असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. ती मातीची नाहीच; क्वार्ट्‌झची पूड, काच आणि डिंक यांच्या मिश्रणाची असते आणि मुख्यतः साच्यात घडते.

२४. तुटलेलं भांडं पुन्हा भट्टीत घालून जोडता येईल का?

ग्लेझ वितळून तुकडे धरतील असं वाटतं, पण ते सरकतात आणि वाकडे बसतात. इपॉक्सीनं जोडा आणि शोभेला ठेवा. सोनेरी पावडर घातलेल्या इपॉक्सीलाही प्रश्न १९ मधला अन्नाचा नियम लागूच.

२५. दिवाळीला पणत्या करून विकायच्या आहेत. पण माझ्या पणत्या तेल पितात आणि खाली टेबलावर डाग पडतो.

टेराकोटाची पणती तेल पिणारच. वापरण्याआधी तीन-चार तास पाण्यात बुडवून ठेवा आणि पुसून मग तेल घाला. छिद्रांत पाणी भरलेलं असलं की तेल कमी मुरतं. विकताना ही सूचना चिठ्ठीवर लिहून द्या, कारण शहरातल्या गिऱ्हाईकाला ती माहीत असेलच असं नाही. डाग अजिबात नको असेल तर आतून ग्लेझ लावा, पण मग दुसऱ्या भाजणीचा खर्च किमतीत धरावा लागेल, आणि रस्त्यावर डझनानं मिळणाऱ्या पणतीशी त्या किमतीत तुमची बरोबरी होणार नाही. तिच्याशी बरोबरी करायलाच जाऊ नका, आकार वेगळा करा. आणि गणित उलटं मांडा: दिवाळीच्या तीन आठवडे आधी माल भाजून तयार हवा असेल, तर पणत्या पावसाळ्यात सुकणार आहेत. म्हणजे गणपतीच्या आधीच सुरुवात करा आणि भट्टीची जागा आत्ताच सांगून ठेवा.